सात वर्षं आणि एक चेहरा

न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही कुठे असता?" म्हणजे घर कुठे ते नाही, कंपनी कोणती. चारुदत्त सरनोबत मास्तरांना हा प्रश्न सात वर्षं येत होता. ते सांगायचे, "एका इटालियन माणसाकडे मोझेकचं काम करतो." समोरचा जरा अडखळायचा. "म्हणजे बाथरूमच्या टाइल्स?" मास्तर म्हणायचे, "हो, तसंच काहीसं." समजावून सांगण्याची हौस एक्क्याऐंशी सालीच फिटली होती. मग तो गृहस्थ हळूच मास्तरांच्या बायकोकडे, मालिनीताईंकडे वळायचा. मालिनीताई पडल्या पॅथॉलॉजिस्ट, आणि डॉक्टरला फुकटात विचारण्यासारखं प्रत्येकाकडे काहीतरी असतंच. मास्तर म्हणत, त्यात राग धरण्यासारखं काय आहे? मला विचाराल तर पुष्कळ आहे. पण राग धरायलाही अंगात जोर लागतो, आणि मास्तरांचा सगळा जोर त्या इटालियनच्या गॅरेजमध्ये संपलेला असायचा.

कोल्हापूरला ते शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. एकोणऐंशी साली बायकोच्या रेसिडेन्सीमागे चार वर्षांच्या लेकीला, दीपाला घेऊन जर्सी सिटीला आले. इथे कुणाला ड्रॉइंग मास्तर नको होता. वर्षभर ट्रेन स्टेशनजवळच्या पेपरच्या स्टॉलवर उभे राहिले. पुढच्या वर्षी एका दुपारी स्टॉलवरून घरी येताना एका गॅरेजमधून हातोडीचा बारीक आवाज आला. एक म्हातारा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेल्या पात्यावर रंगीत काच धरून तिचे नखाएवढे तुकडे पाडत होता. समोरच्या टेबलावर निळ्याच्या तीस छटा मांडलेल्या. मास्तर रस्त्यावरच थबकले. सलग चार दिवस थबकत राहिले. पाचव्या दिवशी म्हाताऱ्याने मान वर न करता त्यांच्या हातात झाडू दिला.

तो गुइदो पेल्लारिन. उत्तर इटलीतल्या स्पिलिंबेर्गो गावच्या बाजूचा. तिथे या कामाची शाळाच आहे. न्यू जर्सीतल्या कितीतरी चर्चच्या भिंतींवर त्याच्या हातची, काचेचे तुकडे जोडून केलेली संतांची चित्रं होती. माणूस असा खडूस, की शुभ सकाळ म्हणायलासुद्धा त्याच्या जिवावर यायचं. आणि हाताखालच्या माणसासाठी त्याचा कायदा कडक: आधी पार्श्वभूमी, मग कपडे, मग हात. चेहरा फक्त त्याने करायचा.

मास्तरांनी पाच वर्षं नुसती पार्श्वभूमी केली. सोनेरी आकाश, निळं आकाश, पुन्हा सोनेरी आकाश. नंतर झग्याच्या चुण्या आल्या. बोटांत काचेचे कण रुतायचे, ते मालिनीताई चिमट्याने काढायच्या. गुडघे गेले. पाठ तर कधीच गेली होती. कंटाळा आला नाही असं कोण म्हणेल? रोज यायचा. पण देवाच्या तोंडाला हात लावण्याची मास्तरांना जुनी सवय होती. कोल्हापुरात दर भाद्रपदाआधी कुंभारगल्लीत गणपतीचे डोळे आखायला सरनोबत मास्तरांनाच बोलावणं यायचं. तोच हात इथे सात वर्षं आकाश आणि झगे लिंपत होता. आयुष्यात एक तरी चेहरा या काचेत करायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत एका छोट्या चर्चचं काम आलं, संत जोसेफच्या, म्हणजे येशूच्या सुतार बापाच्या चित्राचं. बहुतेक शेवटचंच, कारण मोझेक करून घेणारी चर्च आता उरली नव्हती आणि पेल्लारिनचे डोळे तर त्याहून वेगाने चालले होते. मालिनीताईंनी त्याला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती. म्हाताऱ्याने झगा आणि हात मास्तरांकडून करून घेतले. आणि मग तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चेहरा तू कर."

मास्तर तीन आठवडे त्यावर वाकून बसले. या कामाची रीत मुलखाची उलटी आहे. जाड कागदावर चित्र डावं-उजवं फिरवून काढायचं, त्यावर तुकडे पिठाच्या खळीने पालथे चिकटवायचे, मग तो कागद भिंतीवरच्या ओल्या गिलाव्यात दाबायचा आणि पाण्याने भिजवून सोलून काढायचा. तेव्हा कुठे चित्र तोंड दाखवतं. तोवर करणाऱ्यालाही त्याची पाठच दिसते. मास्तरांनी कपाळ केलं, दाढी केली, गाल केले, आणि गणपतीचे ठेवायचे तसे डोळे शेवटाला ठेवले. शेवटच्या दिवशी अंघोळ करून आले आणि डोळे लावले.

पेल्लारिनने भिंग धरलं. ते पुरेना म्हणून बोटांनी चाचपलं.

"डोळे कधी लावलेस?"

"शेवटी. आमच्याकडे देवाचे डोळे शेवटीच आखतात. डोळे आले की देव आला."

"तुझा देव रंगाचा आहे. रंग वाटेल तसा वळतो. काच वळत नाही." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, पण खाली यायलाही तयार नव्हता. "आधी डोळे. मग त्यांच्याभोवती एक ओळ, मग तिच्याभोवती दुसरी, अशी कानापर्यंत. तू कानापासून निघालास आणि उरलेल्या जागेत डोळे कोंबलेस. हात लावून बघ, सगळ्या ओळी डोळ्यापाशी येऊन एकमेकींना धडकल्यात."

मास्तरांनी हात लावला. खरंच धडकल्या होत्या. पेल्लारिनने तो कागद उचलला आणि पाण्याच्या टबात सोडला. खळ सुटली. दाढी गेली, कपाळ गेलं, तीन आठवडे गेले. तुकडे तळाशी बसले, ते निवडून रंगवार लावायला आणखी दोन दिवस लागले.

घरी मालिनीताईंना सगळं कळलंच. त्याही हॉस्पिटलातून दमून आल्या होत्या. वरणभात वाढता वाढता म्हणाल्या, "चारू, सोड आता. तुझे हात बघ एकदा. तो म्हातारा तुला या जन्मी पास करायचा नाही."

"एकच चेहरा करू दे," मास्तर म्हणाले. "नाही जमला तर परत त्या गॅरेजचं नाव काढणार नाही. तू म्हणशील ते करेन. शब्द देतो."

मालिनीताईंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला आणि विषय थांबवला.

दुसऱ्या खेपेला मास्तरांनी डोळ्यांपासून सुरुवात केली. एका डोळ्याला चार दिवस लागले. मग ओळीमागे ओळ निघाली, पापणी, भुवई, गालफड. पेल्लारिन जवळ आला नाही, भिंगही मागितलं नाही. मास्तरांना वाटलं, याने आपला नाद सोडला.

मे महिन्यात ते चर्चमध्ये गेले. बाकीचं चित्र आधीच भिंतीवर चढलं होतं, मध्ये चेहऱ्याएवढी जागा रिकामी. मास्तरांनी परांचीवर चढून गिलावा लावला, कागद दाबला, भिजवला आणि कोपऱ्यापासून हळूहळू सोलत आणला. खाली चर्चचे फादर उभे होते. ते म्हणाले, "ब्युटिफुल, मिस्टर पेल्लारिन."

"तुम्हाला विचारलं नाही, फादर," पेल्लारिन म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. "मला इथून फक्त पिवळं आणि निळं कळतंय. ए, तू खाली ये. खालून बघ आणि मला सांग. चांगला असेल तर घरी जाऊ. नसेल तर गिलावा अजून तासभर ओला राहील."

मास्तर उतरले. मान वर केली. डोळे छान उतरले होते. दिवसभर रंधा मारून आलेल्या माणसाचे डोळे होते ते, आणि ते नेमकं मास्तरांकडे बघत होते. पण डाव्या गालावर एक काळपट पट्टा होता, कुणी मुस्काटात मारल्यासारखा. गॅरेजातल्या ट्यूबलाइटखाली ती छटा सावलीची वाटली होती. इथे खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात ती नुसती घाण दिसत होती.

कुणाला कळणार होतं? फादर खूश होते. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. 'चांगला झालाय' एवढे दोन शब्द पुरे होते. ते मास्तरांच्या ओठांवर आलेही होते. गाल उकरायचा म्हणजे शेजारच्या ओळी ढळणार, त्या ढळल्या की डोळा ढळणार, आणि तास संपला की अख्खा चेहरा छिन्नीने फोडावा लागणार. मग घरी दिलेला शब्द. मास्तरांना एवढा थकवा आला, की तिथेच बाकावर आडवं व्हावंसं वाटलं.

"डोळे चांगले आहेत," ते म्हणाले. "डावा गाल वाईट आहे."

पेल्लारिनने मान डोलावली. कोटाची बटणं काढली, कोट फादरांच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या आणि गोणी चाचपत घमेल्यापाशी गुडघ्यांवर बसला. सात वर्षं गिलावा कालवायचं काम मास्तरांचं होतं. म्हातारा हाताने कालवू लागला. "याला डोळे लागत नाहीत," तो म्हणाला. "तू वर जा. दोरी सोड."

मास्तर पुन्हा चढले. चिमट्याने गालाचे साठेक तुकडे एकेक करून उपटले. खालून बादलीतून ताजा गिलावा आला. आता मध्ये कागद नव्हता. तोंड समोर होतं, सरळ, वीतभर अंतरावर, आणि मास्तर एकेक तुकडा फोडून, उन्हाला धरून, त्या गालात बसवत होते. तुकडा बसला की मान मागे घेऊन बघायचे, मग पुढचा तुकडा. खालून पेल्लारिन दर दहा मिनिटांनी घड्याळ न बघता वेळ सांगत होता. शेवटचे तुकडे बसले तेव्हा गिलावा बोटाला ओढ देऊ लागला होता. खाली उतरून मास्तरांनी बघितलं. पट्टा गेला होता. डोळा जागेवर होता.

"झाला," ते म्हणाले.

काम कुणी केलं ते लिहून ठेवायची फादरांची वही होती. त्यांनी पेन काढलं. "मिस्टर पेल्लारिन, तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा."

म्हातारा गिलाव्याने माखलेले हात टॉवेलला पुसत होता. "चेहरा त्याने केला," तो म्हणाला. "मी गिलावा कालवला. त्याचं नाव लिहा."

फादर मास्तरांकडे वळले. मास्तरांनी वही मागून घेतली, स्वतःच्या हाताने पूर्ण नाव लिहिलं, आणि बाकावर बसून सगळ्यांसमोर रडले.