ज्याची तक्रार, त्याच्याच दारी

"मले नको सांगू. चाल, तिच्याच घरी जाऊ."

एवढं म्हणून सिस्टर चपलेत पाय घालायच्या. समोरची बाई 'अवं, मी तं सहज बोलली' म्हणेपर्यंत त्या फाटकाशी पोचलेल्या असायच्या. आता तुम्हीच सांगा, माणसाला चहाबरोबर चार लोकांची थोडी निंदा लागते की नाही? सिस्टरांकडे चहा भरपूर मिळायचा, साखरही हात सैल सोडून घातलेली असायची, पण निंदेची सोय अजिबात नव्हती.

लाखनीच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी औषधाच्या खिडकीत. दोघंही निवृत्त झालो, तरी मी त्यांना सिस्टरच म्हणायचो. अख्खं गाव म्हणायचं. आमची घरंही लागून, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या ख्रिस्ती, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची लेक, लग्न न केलेल्या. आमच्या घरी गणपती. भिंतीवरून मोदक तिकडे जायचे आणि नाताळात करंज्या इकडे यायच्या. दर रविवारी त्यांच्या ओसरीत प्रार्थनेची छोटी सभा भरायची, गाणी व्हायची. इतकी वर्षं ती गाणी ऐकून मला त्यातली निम्मी पाठ झाली आहेत, आणि आंघोळीच्या वेळी मी ती म्हणतो हे माझ्या बायकोला मुळीच आवडत नाही.

त्यांच्या या रीतीचा फटका मलाही बसला होता. दवाखान्यात एकदा मी मोठ्या डॉक्टरांबद्दल तोंडसुख घेत होतो. सिस्टरांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चाला भाऊ, सायेब आतच बसले आहेत." मी हसण्यावारी नेलं, तर बाई खरोखरच केबिनचं दार ठोठावून मोकळ्या! आत जाऊन मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्या दिवसापासून मी साहेबांबद्दल फक्त घरी बोलू लागलो.

सभेतल्या बायकांची तर पंचाईतच. एकीनं बारशाला बोलावलं नाही म्हणून दुसरी फुगून बसली. सिस्टर तिला घेऊन भर बाजारातून पायी निघाल्या. त्यांचा हिशेब असा, की निम्म्या वाटेत राग उतरतो. त्या दिवशी तो काही उतरला नाही. त्या दोघी अंगणात कडाकडा भांडल्या, आणि सिस्टर शेजारी बसून त्या घरच्या तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. शेंगा संपल्या तेव्हा भांडणही संपलं होतं. "प्रेम करा म्हणणं सोपं हाय, भाऊ," मला म्हणाल्या, "पण जिच्यावर करायचं तिचं घर कोणत्या गल्लीत, ते तं माहीत पायजे."

त्यांचं शिकवणंही असंच. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, चार ओळींचा भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, "समजलं? मंग आज काय करशील?" उद्या करीन म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

सुधाकर त्यांना असाच मिळाला. हायवेवर त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. डोकं गरम. एका ड्रायव्हरला मारून, स्वतःचाही हात फोडून तो दवाखान्यात आला आणि पाठोपाठ तो ड्रायव्हरही आला. सिस्टरांनी सुधाकरच्या हातात भांडं दिलं आणि ड्रायव्हरची जखम धुऊन होईपर्यंत त्याला ते धरायला लावलं. "मी काहून धरू?" तो गुरगुरला. "फोडलं कोणं? मंग धर," सिस्टर म्हणाल्या. पुढे तो रविवारी ओसरीत दिसू लागला, मग बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, गॅरेजमधल्या शिव्या बंद झाल्या. सिस्टरांना तो मावशी म्हणायचा आणि त्यांच्या घरचा नळ गळला तरी धावत यायचा. मी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर माणूस इतका बदलतो यावर माझा विश्वास बसला नसता.

पण त्याचीही आता तिशी उलटली होती, आणि बाईंच्या लेखी तो अजून भांडं धरणाराच होता. सभेत तो प्रार्थनेला उभा राहिला आणि शब्द शोधायला जरा थांबला, की सिस्टर तो शब्द पुरवायच्या. पुढचं वाक्यही त्याच म्हणून टाकायच्या. भिंतीपलीकडून मला त्याची प्रार्थना सुरू झालेली ऐकू यायची आणि संपताना ती सिस्टरांची झालेली असायची.

तिकडे तुमसरच्या पुढे, आंबागडला काही घरं नव्यानं ख्रिस्ताच्या वाटेवर आली होती. शिकवायला, सोबत राहायला कुणीतरी पाठवा, असा त्यांचा निरोप होता. सुधाकर आणि त्याची बायको जायला तयार होते. गॅरेज तिकडेही टाकता आलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "अजून कच्चा हाय." पुढच्या वर्षीही तेच म्हणाल्या. सभेत कुजबूज सुरू झाली. काही जण सुधाकरला म्हणू लागले, तू वेगळी सभा काढ, आम्ही तुझ्यामागे आहोत. ज्या ओसरीत बारशाचं भांडणसुद्धा टिकलं नव्हतं, ती ओसरी दुभंगायला आली होती.

अशात एका दुपारी सुधाकर माझ्या दारात उभा.

"काका, माझ्यासंगं मावशीकडं चलता का?"

"भिंतीपलीकडं तं हाय. जा ना."

"एकटा जाऊन आलो. त्याईनं ऐकलं नाही. आता एक माणूस संगं न्या लागते."

मला कळलं. येशूनं सांगितलेली रीतच आहे तशी: भावाचं चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा. सिस्टरांनीच ती सगळ्यांना घोटून घोटून शिकवली होती. ती त्यांच्यावरच कुणी चालवून पाहील, असं बहुधा त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"अरे, पण मी तुमच्या सभेतला नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच तं आलो. सभेतला नेला तं दोन पार्ट्या होतील. तशाही होऊनच राहिल्या."

"मग सरळ निघून जा ना आंबागडले. अडवते कोण?"

"भांडून गेलो तं तिथंही भांडणच शिकवीन, काका."

मी सदरा घातला आणि निघालो.

सिस्टर ओसरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"साक्षीदार आणला," त्या म्हणाल्या. "म्हणजे पयल्या खेपेले मी ऐकलं नाही."

"नाही ऐकलं, मावशी."

"बोल मंग."

सुधाकर उभ्यानंच बोलला. "तुमीच मले प्रार्थना कराले शिकवलं. पण मी जरा थांबलो का तुमीच पुरी करता. मले देवासमोर माझ्या तोंडानं उभं राहू द्या. चुकीन तं चुकीन. आंबागडचे लोक वाट पाहून राहिले, अन् तुमी म्हणता कच्चा हाय. पक्का कधी होईन, ते तरी सांगा."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमाले काय वाटते?"

"मी साक्षीदार आहो, सिस्टर. जज नाही."

"तरी सांगा."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरगा कच्चा नाही. तुमाले त्याच्याबिगर करमणार नाही, एवढंच हाय."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांच्याशी असं कधी बोललो नव्हतो. आता माझंही काही खरं नाही, असं मला वाटलं. पण सिस्टरांनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना तेवढं एकदाच पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "नाही करमणार. हा गेला तं मी रागवू कोणाले?" मग नाक पुसून सरळ बसल्या. "माझा बाप धानाचे पऱ्हे वाफ्यात कधी जास्त दिवस ठेवत नव्हता. रोप हिरवंगार दिसते, उपटाले जीव होत नाही. पण उशिरा रोवलं का धानाच्या बांधीत त्याले फुटवेच येत नाही. एवढं मले माहीत होतं, बापा. मी चुकली. माफ कर मले."

सुधाकर भांडायच्या तयारीनं आला होता. माफीची तयारी त्याची नव्हती. तो खालीच बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. मग तिघांनी चहा घेतला, साखर नेहमीसारखीच जास्त.

पुढच्या रविवारी सिस्टरांनी हे सगळं भर सभेत उभं राहून सांगितलं. "हा मले सांगाले आला, अन् खरं बोलला." ज्यांनी दोन पार्ट्यांची तयारी चालवली होती ते जमिनीकडे पाहू लागले. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. खरं सांगतो, देवाधर्मातली मोठी माणसं मी बरीच पाहिली, पण स्वतःची चूक इतक्या मोकळ्या आवाजात सांगणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. पुढच्याच महिन्यात टेम्पोत संसार भरून सुधाकर आणि त्याची बायको आंबागडला गेली.

सिस्टर अधूनमधून एसटीनं, तुमसरला गाडी बदलून तिकडे जायच्या. सगळ्यांच्या मागे बसायच्या. "तोंडात पदर धरून बसा लागते, भाऊ," परत आल्यावर सांगायच्या. "जीभ लय वळवळते." तिथे आता सभेला अंगण पुरत नाही, हे मात्र कौतुकानं दोनदोनदा सांगायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. निरोप गेला तसा सुधाकर आंबागडची माणसं घेऊन आला. दुपारची वेळ होती. खोली भरलेली, मी दाराशी. सिस्टरांनी बोटानं त्याला खूण केली. तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "प्रभू, आमची मावशी..."

पुढे त्याला बोलताच येईना. सवयीनं आम्हा सगळ्यांच्या नजरा सिस्टरांच्या ओठांकडे गेल्या. त्यांचे डोळे उघडे होते, त्याच्यावर लागलेले. "होऊ दे सावकाश," त्या कशाबशा म्हणाल्या आणि गप्प राहिल्या.

सुधाकरनं पुन्हा सुरुवात केली. मावशीच्या रागावण्याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले, गोड चहाबद्दल मानले, त्यांनी माफी मागितली त्या दुपारीबद्दल मानले. वेडेवाकडे का होईना, शब्द त्याचे होते, आणि शेवटपर्यंत त्याचेच राहिले. प्रार्थना संपल्यावर आम्ही सिस्टरांच्या आमेनसाठी थांबलो. ते आलं नाही. सुधाकरनं त्यांचे उघडे डोळे हळूच मिटले. मग आमेन सगळ्यांनी मिळून म्हटलं. मीही म्हटलं.