मामाच्या अक्षरांची सावली

आमचा मामा दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याचं अक्षर आतून पोकळ, भोवती जाड रेघ आणि उजवीकडे खाली काळी सावली. भिंतीतून उठून बाहेर आल्यासारखं दिसतं. मध्यंतरी ही फॅशन गेली आणि मामाला कुणी विचारेना. मग त्याच्या लेकीनं जुन्या पाट्यांचे फोटो काढून त्या अक्षरांचा कॉम्प्युटरवर फॉन्ट केला. झालं! जुनं ते सोनं म्हणत हॉटेलवाले, सलूनवाले, सगळे पाट्या रंगवून घ्यायला मामाकडे धावत आले.

मामाचे दिवस पालटले म्हणता? उलट जीव मेटाकुटीला आला. मामा शिडीवर आणि खाली गिऱ्हाईक मोबाईल धरून उभं: "पेंटर, फॉन्टमध्ये 'क'चं पोट एवढं फुगलेलं नाही." अरे, ज्याच्या हातचं अक्षर, त्यालाच शिकवता? पण मामा मुकाट्यानं पुसतो. आता तर फॉन्टचा कागद भिंतीवर लावून स्वतःचंच अक्षर गिरवतो.

परवा मामीनं घराच्या दारासाठी नवी पाटी मागितली. मामानं साध्या, बारीक, बिनसावलीच्या अक्षरांत नाव लिहिलं आणि पाटीकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला. इतकं खूश मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी लेक कामावरून आली आणि दारातच हसली. "बाबा, हे तुमचं वाटतच नाही!"

"खरंय," मामा म्हणाला, आणि त्यानं काळ्या रंगाचा डबा उघडला.