निळ्या ताटातली भाकर

आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांना अख्ख्या खजुरी गावात कुणी नावानं हाक मारत नसे. ते निळे अण्णा. हैदराबादेत चित्रकला शिकून आलेल्या या गृहस्थानं वांगं लाल काढलं, म्हैस हिरवी काढली आणि सावली तर कायम निळीच. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि त्यांच्याच घरी खोली घेऊन राहायचो, त्यामुळे गावाच्या शंका आधी माझ्याकडे यायच्या.

"नुसतं डोळ्यानं बघायलाव व्हय? पोटानं बघा की," असं म्हणत ते माणसाला चित्रासमोर धरून बसवत. चहा गार होई, पण सुटका नसे. हेडमास्तरांनी एकदा, म्हैस तेवढी काळी करा, म्हणून गळ घातली. "हात तोडून देतो, रंग बदलणार न्हाई," अण्णा म्हणाले. त्या हट्टाचं मला हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

मग त्यांनी ते ताट काढलं. अठ्ठेचाळीसच्या, रझाकारांच्या गडबडीत त्यांचा धाकटा भाऊ कुणाची तरी हाक आली म्हणून जेवता जेवता उठला, तो परतलाच नव्हता. त्याचंच हे ताट. भडक लाल भिंत, कलंडलेला जांभळा तांब्या, निळं ताट आणि त्यात जाड रंगाच्या थरांची, ओबडधोबड अर्धी भाकर. पोटानं बघणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

त्यांच्या घरात ताटात कण टाकायची रीत नव्हती. जेवण झालं की ताट धुऊन ते पाणीही पिऊन टाकायचं. अव्वा, म्हणजे त्यांची आई, चित्रासमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, "आरं, माजं लेकरू उपाशी गेलं म्हणायलास व्हय? त्यानं कदी तुकडा ठिवला न्हाई. ती भाकर काढ. ताट धुतल्यालं कर."

अण्णांनी निळा रंग कालवला आणि भाकरीवरून फिरवला.

पुढे हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, माझी बदली लातूरकडे झाली. निघताना नमस्कार करायला आत गेलो, तर अव्वा नेहमीप्रमाणे पदरानं भिंतीवरचं ते चित्र पुसत होती. निळ्या रंगाखाली भाकरीचा उंचवटा तसाच राहिला होता. पुसता पुसता तिची बोटं तिथं थांबली.

"रोज तितंच थांबती," अण्णा दारातून हळूच म्हणाले. सगळ्या गावाला चित्रासमोर धरून बसवणारे अण्णा स्वतः मात्र त्या भिंतीकडे पाठ करून उभे होते.