मला वर ओढणारा दोर

‘बिचारा’ म्हणणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो. पाच मिनिटं हळहळायचं आणि सुपारी चघळत निघून जायचं, यात यांचं काय जातं? लहानपणी तापात माझे दोन्ही पाय गेले, पण हात शाबूत होते. ते बघायला मात्र कोणाला फुरसत नव्हती.

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. अमरावतीत आमचं फुलांचं दुकान होतं. मी बसल्या बसल्या हार ओवायचो आणि गिऱ्हाईक नसलं की कोळशानं भिंतीवर चित्रं काढायचो. कोणी विचारलं तर बाप एकच वाक्य बोले, “आमचं पोरगं आहे, पायानं अधू आहे.” अधू म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरंच होत नसे. बाप वाईट नव्हता, पण मला ते झोंबायचं.

एकदा अकोल्याचे एक पेंटर हार घ्यायला आले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे ते. हार राहिला बाजूला, भिंतीसमोरच उभे राहिले.

“कोनं काढलं हे?”

बापानं आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. पेंटर त्याच्यावरच खेकसले, “पायाचं मले काय करा लागते? हात कसा आहे ते पाहून राह्यलो ना मी!”

आठ दिवसांत मी त्यांच्याकडे काम शिकायला मूर्तिजापूरवरून अकोल्याला चाललो होतो. आगगाडीत त्यांनी मला स्वतः उचलून खिडकीशी बसवलं. आजपावेतो मी त्यांना गुरुजी म्हणतो.

पण पडद्याचं काम शिडीवरचं. कापड उंच टांगायचं आणि शिडीवर चढून रंगवायचं. मी खाली बसून रंगात घालायचा सरस शिजवायचो, रंग घोटायचो आणि मनात जळायचो. गुरुजींना ते दिसत होतं. उन्हाळ्यात कापसाचा हंगाम संपला आणि जिनिंगची शेड रिकामी पडली. गुरुजींनी मालकाला गाठून ती मागून घेतली आणि फरशीवर अख्खा पडदा अंथरला.

“तुले शिडी चढता येत नाही ना? मंग पडदाच खाली उतरवू.”

बाकीचे कारागीर वैतागले. सगळ्यांना माझ्यासारखं पोत्यावर बसून सरकत काम करावं लागलं. दुपारपर्यंत एकेक जण कंबर धरून “मेलो बाप्पा!” करायला लागला. मी मात्र सुसाट सरकत होतो. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली.

राजवाड्याचे खांब माझ्याकडे होते. हात पुरेल तेवढा तुकडा रंगवायचा आणि पुढं सरकायचं. जवळून सगळं झकास दिसत होतं. गुरुजी शिडीवर चढून बघून आले. शेडमध्ये कापूस तोलायचा मोठा काटा होता आणि गठाणी वर ओढायची कप्पी. गुरुजींनी काट्याचं पारडं सोडून कप्पीच्या दोराला बांधलं आणि मला त्यात बसवलं. कापूस तोलणारे दोघे मापारी राखणीला राहिले होते, त्यांनी दोर ओढला. मापारी पहिलं माप ‘एक’ म्हणून कधी मोजत नाही, ‘लाभ’ म्हणतो. पारडं उचललं जाताच म्हातारा मापारी सवयीनं ओरडला, “लाभ!”

जन्मात पहिल्यांदा मी माणसांच्या डोक्यावरून खाली बघत होतो. आणि बघतो तर काय, माझे खांब म्हणजे एकावर एक रचलेले कोहळे! जिथं जिथं सरकलो, तिथं तिथं खांब फुगला होता.

“पाह्यलं, बह्याडा?” गुरुजी खालून हसले. “आता मी सांगू का तुलेच समजलं?”

समजलं होतं. त्या दिवसापासून रोज मला वर चढवत, रोज “लाभ!” होई आणि खाली आलो की मी चुकलेलं पुसून पुन्हा रंगवी. बाकीचे कारागीरही मग पारड्यात बसायला भांडू लागले.

तो पडदा अमरावतीतच पहिल्यांदा लागणार होता. नव्या पडद्यापुढं नारळ त्याच्या कारागिरानं फोडायचा, हा रिवाज. गुरुजींनी माझं नाव सांगितलं. नाटक कंपनीचा मॅनेजर आडवा आला. “पहिल्याच खेळाला असा माणूस रंगमंचावर? अपशकुन होईल. नारळ तुम्हीच फोडा.”

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. खरं सांगतो, रडूही आलं. मंडप भरला होता आणि फुलं घेऊन आलेला माझा बाप पुढंच बसला होता. आज त्याच्या देखत मला मागे ठेवलं असतं, तर त्याचं ते वाक्य जन्मभर खरं ठरलं असतं.

गुरुजी आवाजही न चढवता म्हणाले, “मंग पडदा बी नाही. सोडा रे दोऱ्या, गुंडाळा.”

बाहेर खोळंबलेले लोक टाळ्या पिटत होते. मॅनेजर घामाघूम होऊन बाजूला झाला. दोन्ही मापारी खेळ बघायला अकोल्याहून आले होते. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, रंगमंचावर आणून बसवलं आणि म्हातारा भरल्या मंडपात ओरडला, “लाभ!”

गुरुजी माझ्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांच्यामागून सगळे कारागीर बसले, उभा कोणीच राहिला नाही. मी नारळ फोडला. या माणसांचे पांग मी कसे फेडणार होतो?

पुढच्या रांगेत कोणीतरी बापाला विचारलं, “कोन बे हा?”

बाप उठून उभा राहिला.

“आमचं पोरगं आहे,” तो म्हणाला. “पडदा त्यानं केला.”