मिलिंदशी केलेला सौदा

बटालियन नियंत्रण रेषेवर गेली तेव्हा मी नायब सुभेदार, धर्मशिक्षक होतो. जवान मला पंडितजी म्हणत. माझ्या गावी, घाटनांदूरच्या चौकात आजही लोक म्हणतात, ‘हा फौजेत घंटा वाजवायला होता.’ त्यावरून माझी भांडणं झाली आहेत, पुढेही होतील. लढाईत धर्मशिक्षक एड पोस्टवर, जखमींच्या पहिल्या उपचाराच्या ठाण्यावर, डॉक्टरच्या हाताखाली असतो, गोळाबारीत स्ट्रेचर उचलतो, हे त्यांच्या गावी नाही. अंबाजोगाईच्या बाजारात भाजी विकून मी संस्कृत शिकलो. ऐकून घ्यायची मला सवय नाही.

युनिटमध्ये रविवारी मंदिर परेड असते. धर्म कुठलाही असो, सगळे हजर असतात. लान्सनायक मिलिंदही यायचा. आमच्याच तालुक्यातला, बौद्ध. आरतीला हात जोडून गप्प उभा राहायचा. पुढच्या चढाईची तयारी चालू असताना तो एकटाच मंदिरात आला.

‘पंडितजी, एक काम हाय.’

‘बोल.’

‘मला काय झालं तर तोंडात गंगाजल घालू नका. पंचशील म्हणा. आई तेवढंच इचारील.’

‘मला येत नाही.’

‘मी शिकवतो की. पाच तर हायती.’

‘शिकतो. पण मंदिराचं छत गळतंय. आधी पत्रा टाकून दे.’

तो हसला. ‘लई चिकट हाव तुमी. बाजार सुटला, पर सवय न्हाई सुटली.’

प्रत्येक जवानाच्या धर्माप्रमाणे शेवटचे शब्द म्हणणं ही माझी ड्यूटी होती. तिचा मी भाव केला.

पत्रा त्यानं दुसऱ्याच दिवशी टाकला. त्रिसरण, म्हणजे आधीचं ‘बुद्धं सरणं गच्छामि’, मला येत होतं. पहिलं शील पाठ झालं. बाकीची उद्या, असं मी म्हणत राहिलो. मग त्याच्या कंपनीला मूव्ह ऑर्डर आली.

चढाईच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास त्याच्या ब्राव्हो कंपनीकडून रेडिओ बोलला.

‘ब्राव्हो टू एड पोस्ट. एक कॅज्युअल्टी. पोटात स्प्लिंटर. खाली आणतोय. ओव्हर.’

‘रॉजर. स्ट्रेचर निघालं. आउट.’

स्ट्रेचरच्या पुढच्या टोकाला मी होतो. नाल्यापाशी पाहिलं तर मिलिंद. त्याला उचललं आणि पोस्टवर आणलं. डॉक्टरसाहेबांनी जखम पाहिली, हात पुसले.

‘पंडितजी, आता तुम्ही.’

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्रिसरण म्हटलं. पहिलं शील म्हटलं. पुढचं येईना. माझा हात सवयीनं गंगाजलाच्या बाटलीकडे गेला. त्यानं मनगट धरलं.

‘म्हणा माज्या मागं.’

दुसरं त्यानं सांगितलं, मी म्हटलं. तिसरंही. चौथं अर्ध्यावर थांबलं. माझं मनगट डॉक्टरसाहेबांनी सोडवलं.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या घरी गेलो. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

‘पंचशील कुनी म्हनलं, साहेब?’

‘मी म्हटलं’ असं सांगून सुटता आलं असतं.

‘त्यानंच. मला येत नव्हतं.’

‘समदं झालं?’

‘चौथं अर्धं राहिलं. पाचवं सगळंच.’

ती चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिनं पदर सावरला, भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे तोंड करून हात जोडले आणि राहिलेलं पुरं केलं. मला मागं म्हणायला सांगितलं नाही.

आता पाचही पाठ आहेत. त्याच्या गावच्या स्मारकापाशी मला दरवर्षी भाषणाला बोलावतात. मी भाषण करत नाही. लान्सनायक मिलिंद, एवढं नाव घेतो आणि पंचशील म्हणतो. सगळा गाव मागं म्हणतो. त्याची आई पुढेच बसलेली असते. चौथ्याच्या मध्यावर तिचा आवाज थांबतो. तिथून पुढचं मला तिच्याशिवाय म्हणावं लागतं.