बंद न पडणारं इंजिन

फोन आला तेव्हा मी ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेत उभा होतो. शैलाताईचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा जास्तच सपाट. "विनू, मला न्यायला ये," ती म्हणाली. ताईला कुठून तरी न्यायला जाणं ही आमची जुनीच सवय, त्यामुळे मीही सवयीनं विचारलं, "का? दाजी कुठे गेले?" ती म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये आणलं होतं त्यांना. गेले रे. मला घरी जायचंय." दूध काउंटरवर तसंच सोडून मी निघालो. रस्ताभर दाजी गेले हे काही डोक्यात शिरत नव्हतं. डोक्यात एवढंच, की ताई ॲम्ब्युलन्समधून त्यांच्याबरोबर गेली असणार, घराची गाडी घरीच उभी असणार, किल्ली हिच्या पर्समध्ये, लायसन्सही पर्समध्ये, आणि तरी आता इथून पुढे ही बाई प्रत्येक वेळी कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसणार. शेवटची काही वर्षं दाजींना धास्ती होती ती याच गोष्टीची. स्वतःच्या मरणाची धास्ती मी त्यांच्यात फारशी पाहिली नाही.

दाजी म्हणजे मनोहर, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते पुण्याचे, आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे लग्नापासूनच एकमेकांची खोडी काढायचा परवाना दोन्ही बाजूंना मिळालेला. मी त्यांना दाजी म्हणायचो, ते मला 'मेहुणे' म्हणायचे, आणि मी काही वेडेपणा केला की 'सातारकर'. ऑकलंडमध्ये त्यांनी आयुष्यभर पॅकिंगच्या मशिन्स डिझाइन केल्या. माणूस अतिशय हुशार, पण निर्णय घ्यायचा म्हटलं की पंचाईत. घरातला टोस्टर बिघडला तर नवा येईपर्यंत आख्खा हिवाळा तव्यावर पाव भाजला जायचा, कारण दाजींचा अभ्यास चालू असायचा. ताईला मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत होकार दिला होता. त्यावर आमचे अप्पा म्हणायचे, "बरं झालं, त्या दिवशी ते मोजपट्टी घरी विसरले."

ताई गाडी चालवायला शिकली ती अप्पांच्या ॲम्बेसिडरवर. अप्पा डॉक्टर, आसपासच्या खेड्यांतून व्हिजिटला जायचे, आणि परतीच्या रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग तिच्या हातात द्यायचे. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून. इथे आल्यावरही ती मजेत चालवायची. मग त्यांनी शहराच्या टोकाला, फ्लॅट बुशला घर घेतलं आणि एका संध्याकाळी घराजवळच्याच चढावरच्या राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, तिची गाडी बंद पडली. क्लच सुटला, एवढंच. पण मागे भला मोठा ट्रक, त्याचा भोंगा, काच खाली करून ओरडणारा कोणीतरी, आणि गाडी काही केल्या सुरू होईना. ती गाडी तिथेच सोडून, रडत, चालत घरी आली. त्यानंतर ती चाकामागे बसली नाही. दाजींनी लगेच, म्हणजे त्यांच्या मानानं लगेच, क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी घेतली. समजावलं, चिडले, गप्प बसले. तिचं एकच, "मन होत नाही." आणि फ्लॅट बुशमध्ये मोठमोठी घरं आहेत, पण कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. एकदा तर जेवताना हा विषय निघाला तशी ती वैतागून म्हणाली, "अप्पांची ॲम्बेसिडर आणून द्या, मग चालवते." दुसऱ्या एखाद्या नवऱ्यानं हे हसण्यावारी नेलं असतं. दाजींनी ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "नक्की?"

ॲम्बेसिडर म्हणजे मुळातली इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि मॉरिस ऑक्सफर्ड या देशात जुन्या शेडमधून अजून सापडते. दाजींना ती सापडली टौरंगाजवळच्या एका किवीफ्रूटच्या बागेत, रिकाम्या क्रेट्सच्या थप्पीमागे. आम्ही तिघं बघायला गेलो. धुळीनं भरलेलं ते गोलमटोल बॉनेट बघून मलाच गलबलून आलं. ताई काही बोलली नाही. दार उघडून तिनं आत डोकं घातलं, स्टिअरिंगला लावलेल्या गिअरच्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वास तोच आहे रे, विनू." दाजी तेवढ्यात बॉनेट उघडून बघत होते. इंजिन वर्षानुवर्षं ओल खाऊन जाम झालेलं, हलायला तयार नाही. मला वाटलं, संपलं. दाजींचा चेहरा मात्र खुलला. आता त्यांना इंजिन निवडायला मिळणार होतं!

मग सुरू झाल्या फ्लॅट बुशच्या गॅरेजमधल्या शनिवारच्या बैठका. ठरलं होतं एवढंच, की क्रेट इंजिन घ्यायचं. म्हणजे कुठल्या भंगारातल्या गाडीचं काढलेलं नव्हे, तर कारखान्यात बांधून, तपासून, लाकडी खोक्यात बंद होऊन येणारं कोरं इंजिन. कुठलं, यावर मात्र जेवढी तोंडं तेवढी मतं. शेजारचे ग्रॅहम, आयुष्यभर जुन्या गाड्यांत हात काळे केलेले गृहस्थ, जांदल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत यायचे आणि आठ सिलिंडरच्या दांडग्या इंजिनाचा हट्ट धरायचे, "व्ही-एट टाक, मेट. हीप्स ऑफ पॉवर. स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. माझी भाची मुक्ता, इथेच जन्मलेली, आईबापाचं मराठी ऐकून उत्तर इंग्रजीत देणारी, म्हणायची, "बाबा, जस्ट गो इलेक्ट्रिक. ऑनेस्टली." माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण मी सांगायचो, की मूळचंच इंजिन दुरुस्त करा, अप्पांच्या गाडीसारखा आवाज तरी येईल. दाजी सगळ्यांना चहा द्यायचे, सगळ्यांचं ऐकायचे आणि प्रत्येक इंजिनाबद्दल एकच प्रश्न विचारायचे, "चढावर, राउंडअबाउटवर, मागे ट्रक असताना हे बंद पडेल का?" पुढे पुढे त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडली, "आणि मी नसताना कुठल्याही गावातला साधा मेकॅनिक हे उघडू शकेल का?" तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्यांचं हृदय निम्म्या ताकदीनंच चालतंय आणि आता फार काही करण्यासारखं नाही. ग्रॅहमना त्यांनी ते कसं सांगितलं, तर म्हणाले, "माझ्या मॉडेलचं क्रेटमध्ये येत नाही." ग्रॅहम हसले, आणि मग बराच वेळ पाना पुसत बसले.

या दुसऱ्या प्रश्नापुढे मुक्ताची इलेक्ट्रिक मोटार बाद झाली. पहिल्यापुढे माझं जुनं इंजिन, कारण त्याला क्लच आलाच. राहिली ग्रॅहमची व्ही-एट आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट येणारं एक साधं चार सिलिंडरचं इंजिन, ज्याच्या बाजूनं कोणीच नव्हतं. इथे दाजींनी जे केलं ते मराठी मंडळात उमेदवारी केलेला इंजिनिअरच करू जाणे. आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर वर्षानुवर्षं तेच करायचे, तापलेल्या तारेनं थर्माकोल कापून. त्याच तारेनं, फ्रिजच्या आणि टीव्हीच्या खोक्यांतून निघालेला थर्माकोल जोडून, त्यांनी दोन्ही इंजिनं खऱ्या मापाची कापली. मग आम्ही ती एकेक करून बॉनेटखाली उतरवली. व्ही-एट बसली बरं का, अगदी दिमाखात बसली! ग्रॅहमनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी मात्र तिच्या बाजूंना धुराड्याच्या नळ्या म्हणून पुठ्ठ्याच्या नळकांड्या लावल्या, आणि उजवीकडची थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर जाऊन आदळली. "फोटो सगळे अमेरिकेतले," दाजी म्हणाले. "त्यांचं स्टिअरिंग डावीकडे." दुसरं इंजिन सगळीकडून बोटभर जागा सोडून निमूट बसलं. एवढं सिद्ध झाल्यावर कोणीही ऑर्डर दिली असती. दाजी म्हणाले, "बघू... अजून थोडा अभ्यास करू."

तेवढ्यात गणपती आले. दाजींना दम लागायचा, म्हणून त्या वर्षी मखराचं काम दुसऱ्यांनी घेतलं. मंडळाचे कार्यकर्ते गॅरेजमधून थर्माकोल न्यायला आले तेव्हा दाजी आत झोपले होते आणि ताईनं नुसतं तिकडे बोट दाखवलं. चतुर्थीला आम्ही हॉलवर पोचलो. आरती सुरू झाली. मी बघतो तर गणपतीबाप्पा एका सोनेरी बैठकीवर विराजमान, आणि त्या बैठकीला पुढे पंखा, कडेला पट्ट्याच्या पुल्या... चार सिलिंडरच्या इंजिनाला सोनेरी रंग फासून त्यांनी चौरंग केला होता! मी दाजींना कोपर मारलं. ते टाळ्या वाजवायचे थांबले, चष्मा वर केला, बराच वेळ बघत राहिले. एक कार्यकर्ता कौतुकानं सांगत होता, "काका, तुमचे सगळे तुकडे बघितले, पण हाच एक सपाट आणि भक्कम वाटला. हलतच नाही." प्रसादाची वाटी हातात घेऊन दाजी ताईला म्हणाले, "शैला, ठरलं. आता त्यानंच बसून बघितलंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑर्डर दिली. इतकी वर्षं विज्ञानावर लेक्चर देणारा माणूस शेवटी देवावर ढकलून मोकळा झाला, म्हणून मी त्यांना पुढे महिनाभर छळलं. त्यांनी ते मुकाट सोसलं. मला आता वाटतं, निवड त्यांची केव्हाच झाली होती. ती संपवायची नव्हती, एवढंच. खोकं आलं की काम सुरू होणार, आणि काम संपलं की...

इंजिन समुद्रातून यायला बरेच महिने लागणार होते. विसर्जनानंतर ते सोनेरी थर्माकोलचं इंजिन परत आलं आणि दाजींनी ते पुन्हा बॉनेटखाली ठेवून दिलं. मग एके दिवशी ताईला म्हणाले, "जरा बसतेस का चाकामागे? पेडलचं माप घ्यायचंय." थर्माकोलची गाडी कुठे पळून जाणार, म्हणून ती बसली. माप घ्यायला त्यांना रोजच काही ना काही निघू लागलं. एकदा संध्याकाळी मी लिंबं द्यायला गेलो, तर गॅरेजचं दार अर्धवट उघडं, आत मॉरिसमध्ये दोघं. ताई उजवीकडे, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दाजी डावीकडे, शाल गुंडाळून. आधीचे काही दिवस ते तिला मनातल्या मनात साताऱ्यात फिरवत होते म्हणे, पोवई नाका, राजपथ. त्या दिवशी मात्र त्यांची गाडी फ्लॅट बुशच्या त्या राउंडअबाउटवर येऊन उभी होती. "उजवीकडे बघ," दाजी हळू आवाजात सांगत होते. "तो येतोय ना? त्याला जाऊ दे. मागच्याचा विचार करू नको, तो थांबेल. आता नीघ." आणि माझी बहीण, गाडी तसूभरही हलत नसताना, स्टिअरिंग वळवून निघाली. मी हसून विचारलं, "थर्माकोलवर कुठे निघालात, दाजी?" तर म्हणाले, "मेहुणे, एक लक्षात ठेवा. हे बंद पडत नाही."

उन्हाळा संपता संपता दाजी गेले. दिवसकार्य झालं, मुक्ता वेलिंग्टनला कामावर परतली, आणि त्याच सुमारास खोकं आलं. ट्रकवाल्यानं ते गॅरेजमध्ये गाडीशेजारी ठेवलं. ग्रॅहम रोज कुंपणावरून विचारायचे, इंजिन कधी बसवायचं, गाडी पास करणाऱ्या सर्टिफायरशीही ते बोलून आले होते. ताई म्हणायची, "नॉट नाऊ. व्हेरी सून." मी दर शनिवारी तिला न्यायला जात होतो, दुकानात, बँकेत, देवळात. वाटेत ती खिडकीबाहेर बघत बसायची. दाजींची इतकी वर्षांची सगळी खटपट त्या बंद खोक्यासारखी पडून राहिली, असं वाटून मला कधीकधी त्यांचाच राग यायचा. एवढा अभ्यास कशाला केलात हो, दाजी?

गेल्या शनिवारी मी निघायच्या तयारीत असताना तिचा फोन आला. "विनू, येऊ नकोस. तयार राहा, मी न्यायला येते." मी म्हटलं, "कोणाबरोबर?" तिनं फोन ठेवला. मी दारात जाऊन उभा राहिलो. आमच्या रस्त्याला बस येते, म्हणून मी बसथांब्याकडे बघत होतो. आली ती त्यांची ती ऑटोमॅटिक, इतकी हळू, की एक सायकलवाला तिला मागे टाकून गेला. निम्मी गवतावर, निम्मी रस्त्यावर अशी ती थांबली. ताई उतरेना, म्हणून मी काचेशी गेलो. इंजिन चालूच होतं, हात स्टिअरिंगवर घट्ट, चेहरा घामानं डबडबलेला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बंद नाही पडली रे. एकदाही नाही." मी डावीकडून आत बसलो.

तिच्या घरी परत जाताना ते राउंडअबाउट लागलं. मागे ट्रक नव्हता, पण दोन गाड्या होत्या. ताई थांबली, उजवीकडे बघितलं, पुटपुटली, "त्याला जाऊ दे," आणि मग निघाली. गॅरेजमध्ये ग्रॅहम छोटी पहार घेऊन त्या बंद खोक्यापाशी वाट बघत होते, ताईनंच त्यांना बोलावलं होतं. "किया ओरा," ते नमस्कारादाखल म्हणाले आणि कोण गाडी चालवत आलं ते बघून पुढचं विसरले. मी मॉरिसचं बॉनेट उघडलं. आत ते सोनेरी इंजिन, कानाकोपऱ्यात अजून थोडा गुलाल. मी हात घालणार तोच ताई म्हणाली, "थांब, मी काढते." दोन्ही हातांनी तिनं ते अलगद उचललं. वजन ते काय असणार? आता कुठे ठेवायचं, म्हणून मी फडताळावर जागा करू लागलो, पण ती गाडीला वळसा घालून गेली, डावीकडचं दार उघडलं, दाजी बसायचे तिथे सीटवर ते नीट टेकवून ठेवलं आणि दार हलकेच लावून घेतलं. मग डोळे पुसून ग्रॅहमना म्हणाली, "ओपन इट नाऊ."