साळिंदराची माफी

दुपारचं जेवण झालं की शालनची आधी कंबर झोपते, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी डोकं. आज कंबर झोपली आहे, पाय झोपलेत, डोकं मात्र सकाळच्या फोनवर अडून बसलंय. हातात एक जुनी सीडी आहे. ती लावायचं यंत्र भंगारात जाऊन दहा वर्षं झाली, पण लेकानं शोध म्हटल्यावर तिनं शोधली. लग्नाच्या अल्बमखाली होती.

सिनेमा साळिंदरांचा. चित्रातले बाप आणि पोरगा. जंगलाला वणवा लागतो म्हणून दोघं डोंगरापलीकडं निघतात, आणि वाटेत भेटेल त्याच्याशी हिंदीत बोलतात. विश्वजित नऊ वर्षांचा असताना हिंदुरावांनी तो आणला. पुढं तीन वर्षं दर रविवारी ती साळिंदरं ह्या घरातून चालत होती. आता विश्वजितला स्वतःची लेक आहे, चार वर्षांची. तिला दाखवायचा म्हणून त्यानं सिनेमा मोबाइलवर शोधून काढला, बघितला आणि चिडून आईला फोन केला.

"आई, कापलाय सिनेमा. माफीचा सीनच नाही यात."

"कसली माफी रे?"

"अगं, बाप पोरावर ओरडतो, काटे उभे करतो, पोराला टोचतात. मग पुलापाशी काटे पाडून खाली बसतो आणि म्हणतो, 'चुकलं माझं. काटे दुसऱ्यांसाठी होते, लागले तुला.' मी बघितलंय की! यात नुसता पाऊस पडतो आणि दोघं चालायला लागतात. तू जुनी सीडी शोध." आणि वर, "चित्रातल्या बापाला तरी जमलं म्हणायचं."

हा टोमणा शालनच्या ओळखीचा आहे. हिंदुराव तासगावात नगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. गल्लोगल्ली फिरून नळाचे व्हॉल्व्ह उघडायचे. सिनेमा घरात यायच्या थोडं आधी, एका सकाळी त्या व्हॉल्व्हची छातीएवढी उंच लोखंडी चावी सापडेना, आणि पाण्याला लागलेल्या घागरींच्या रांगेसमोर त्यांनी पोराच्या थोबाडीत दिली, खेळायला नेलीस म्हणून. चावी निघाली मागच्या गल्लीत, त्यांचीच विसरलेली. त्याबद्दल पोराशी ते एक अक्षर बोलले नाहीत. हिंदुराव जाऊन चार वर्षं झाली. विश्वजित अजून घरी आला की त्यांच्या फोटोकडं पाठ करून जेवायला बसतो. पंख्याचं वारं तिथंच लागतं म्हणतो.

पंखा एक फेरा चुकवतो. शालन उठते, बाथरूमचं दार ढकलते.

दारापलीकडं मागची गल्ली आहे. घागरी रांगेत उभ्या आहेत, बायका नाहीत. घागरींना कसली घाई दिसत नाही. रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण उघडं आहे, आत पायऱ्या, आणि पायऱ्या उतरलं की आपलीच बाहेरची खोली. टीव्हीवर साळिंदर एक पाय उचलून थिजलंय. खाली हिंदुराव नुसत्या बनियनमध्ये मांडी घालून बसलेत आणि सीडीला टूथपेस्ट चोळतायत.

"आलीस? झाकण ओढून घे, पाणी आत येतं."

"आता तुम्हाला पाण्याचं काय?"

"सवय."

शालन झाकण ओढते. "जेवलात?" चार वर्षांनी भेटलेल्या नवऱ्याला विचारायला तिला दुसरं काही सुचत नाही.

"तिथं जेवणाचं एवढं नसतं. तुझ्या पिठल्यात मिरची अजून जास्तच का?"

"नावं ठेवणारं गेलं, तेव्हापासून बेतात पडते."

ती त्यांच्याशेजारी बसते तेव्हा खाली फरशी नाही, लाकडी पूल आहे. पुलाखालून नदी वाहतेय, आवाज मात्र सकाळच्या नळाचा.

"अहो, ह्याच्यात माफीचा सीन आहे का?"

"तिथंच तर अडकायची सीडी. चरा पडलाय."

"ते माहितीय. तुम्ही काढून पुसत बसायचात आणि पुढं काय झालं ते पोराला सांगायचात. मी आत चपात्या लाटत ऐकायचे. पण तेवढा भाग तुम्ही कुठं बघितला होतात?"

"दुकानात."

"दुकानदार तुम्हाला पाट मांडून सिनेमा दाखवायचा?"

हिंदुराव हसत नाहीत. त्यांचा अंगठा सीडीवरून फिरत राहतो. गोल, गोल.

"असं गोल नाही चोळायचं," शालन म्हणते. "आतून बाहेर पुसायचं. पोरानं तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

"माहितीय."

"मग? गोल चोळून चरा जात नाही."

"जात नाही ना," हिंदुराव म्हणतात.

शालन त्यांच्या अंगठ्याकडं बघत राहते. घागरी कधीतरी पायऱ्या उतरून आल्यात आणि दोघांभोवती उघड्या तोंडांनी उभ्या आहेत.

"तोंडावर सांगायला काय झालं होतं हो?"

"एवढ्यांच्या देखत मारलेलं. एकट्याला गाठून सांगितलं असतं तर ते चोरून सांगितल्यासारखं झालं असतं. आणि सगळ्यांदेखत सांगायची छाती नव्हती. टीव्हीसमोर बरं पडायचं. पोर पडद्याकडं बघायचं, मी सीडीकडं."

"तीन वर्षं?"

"दर रविवारी." हजेरीपुस्तक दाखवावं तसं ते म्हणतात, "एक खाडा नाही."

"पण त्याला कळलंच नाही. त्याला वाटतंय साळिंदरच बोललं."

अंगठा थांबतो. हिंदुराव थिजलेल्या साळिंदराकडं बघतात.

"मग तू सांग."

"मी का म्हणून? चूक तुमची."

"माझा आवाज आला की तो उठून जातो." ते सीडी तिच्या हातात देतात. "अंगठा पुढं कर." अंगठ्यावर थंडगार पेस्ट येते. "आतून बाहेर पूस. आता गेला चरा तरी चालेल."

शालन पुसते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पुसते तेव्हा टीव्हीवरचं साळिंदर पाय खाली टेकवतं.

पंख्याचा फेरा पुरा होतो. तीन वाजून गेलेत. बाहेर भाजीवाली दोडक्यांचं नाव घेऊन ओरडतेय. सीडी शालनच्या छातीवर आहे. ती उठून खिडकीपाशी नेते आणि उजेडात तिरकी धरते. सगळ्या सीडीवर बारीक गोल रेघा आहेत, एकात एक, शेकड्यांनी. आणि त्या रेघांवरून, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, पेस्टचे तीन पांढरे पट्टे, ओले. चार वर्षं ह्या घरात लवंगेची लाल पेस्ट आहे. पांढरी हिंदुरावांना लागायची.

शालन ह्या प्रकाराची चौकशी करत बसत नाही. ती फोन लावते.

"सापडली?" विश्वजित विचारतो.

"सापडली. सिनेमा कुणी कापलेला नाही, विश्वा."

"मग मी बघितलं ते काय?"

"एक सांग. बाप साळिंदर कुठल्या भाषेत बोलायचा?"

"हिंदीत. सगळेच हिंदीत. का?"

"आणि माफी?"

"'चुकलं माझं...'" विश्वजित आठवून म्हणतो. "ते मराठीत होतं." मागं कुठंतरी नात काहीतरी विचारतेय. शालन फोन कानाला धरून उभी राहते, अंगठा न टेकवता, कारण अंगठ्यावरची पेस्ट अजून वाळलेली नाही.